बोर्डावरचे दुसरे मॅटर

सोमवार, १४ सप्टेंबर १९८७. सकाळी सव्वानऊ.

जुन्या धोतराच्या तुकड्याने एका दिवंगत न्यायमूर्तींची कवळी पुसत होतो, तेव्हा मिश्रबाबू जिना चढून वर आले आणि म्हणाले, "गति, दात मग घास. ही वही घे, हे दोनशे रुपये घे. काय खर्च करशील तो यात मांड. आणि मला पाणिग्राही आणून दे."

वही जाड आहे. नुसत्या खर्चाने ती भरणार नाही, म्हणून इतरही लिहीन. कोणी वाचणार नाही, तरी शुद्ध लिहीन.

मिश्रबाबू म्हणजे आर्तत्राण मिश्र, हायकोर्टातले मोठे वकील. कोणाला जमिनींचा नाद असतो, कोणाला मोटारींचा. यांना न्यायमूर्तींचा आहे. आमच्या हायकोर्टात जे जे बसले त्या प्रत्येकाची एक सही आणि त्याने वापरलेली एक वस्तू, असे कप्पे वरच्या खोलीत आहेत. सही पत्रावरची, पुस्तकावरची, लग्नपत्रिकेवरची, कशावरचीही चालते. कोर्टाच्या फायलीतून फाडलेली चालत नाही. वस्तूंत तपकिरीची डबी आहे, छत्री आहे, कान कोरायची चांदीची काडी आहे, आणि ही कवळी. प्रत्येकापुढचे कार्ड मी लिहितो. इंग्रजीत 'जजमेंट' लिहिताना जी नंतर ई येत नाही हे मला नववी नापास असून ठाऊक होते, म्हणून मिश्रबाबूंनी मला ठेवले.

फक्त चौदावा कप्पा रिकामा आहे. न्यायमूर्ती दिव्यसिंह पाणिग्राही. १९६८ ते १९७१. मूलबाळ नाही, पत्नी आधीच वारलेली.

"भावानं घर विकलं तेव्हा त्यांचे सगळे कागद पुड्या करणाऱ्या ठोंगेवाल्याला गेले," मिश्रबाबू म्हणाले. "या शहरानं त्यांच्या सह्यांत मुढी बांधून खाल्ली, गति. मीही खाल्ली असेन."

"मग आता कुठून आणू?"

"त्यांचा जमादार आहे जिवंत, दंड घेऊन पुढे चालायचा तो. उच्छब स्वाईं, कुंभारसाहीत. डोकं जरा सरकलंय म्हणतात. बघ."

९ नोव्हेंबरला ही सगळी खोली वकिलांच्या ग्रंथालयाला द्यायची आहे. तिथे राखणदाराची एक जागा निघणार. पाचशे पंचवीस रुपये, कायम. मिश्रबाबू माझे नाव घालतो म्हणाले, "पण चौदावा कप्पा रिकामा ठेवून मी भाषण करणार नाही."

मला तीन ठिकाणांहून हळू काम करतो म्हणून काढले आहे. छापखान्यातून तर एका मंत्र्याच्या भाषणातले व्याकरण सुधारले म्हणून. चौथ्या ठिकाणाहून निघायची माझी ताकद नाही.

बुधवार, १६ सप्टेंबर

उच्छब जमादार पाहिला.

कुंभारसाहीच्या तोंडाशी पानाच्या ठेल्यावर पत्ता विचारत होतो. ठेलेवाला म्हणाला, "सरक रे, साहेब येतायत."

गल्लीतून एक म्हातारा येत होता. पांढरा कोट, त्याची पितळी बटणे गेलेली, अंगावर आडवा लाल पट्टा, उन्हाने विटलेला. उजवी मूठ छातीपुढे, जणू दंड धरला आहे. हळू आवाजात म्हणत होता, "बाजू... बाजू..." रिक्षावाल्याने रिक्षा भिंतीला लावली. दोन घागरी घेतलेली बाई थांबली. म्हातारा पुढे निघून गेला, तरी कोणी लगेच रस्त्यात आले नाही. त्याच्या मागची पाच-सहा पावलांची मोकळी जागा सगळ्यांनी जाऊ दिली, आणि मग गल्ली पुन्हा चालू झाली.

"सोळा वर्षं झाली," ठेलेवाला म्हणाला. "सकाळी कोर्टाच्या फाटकापर्यंत नेतो. संध्याकाळी परत आणतो."

"कोणाला?"

"मला काय विचारतोस? मी पान विकतो."

शुक्रवार, १८ सप्टेंबर

ओसरीवर म्हाताऱ्याची सून मालतीभाउज कांदे चिरत होती. विधवा आहे, चाळिशीची असेल. साऱ्या गल्लीची ती भाउज, म्हणजे वहिनी, आणि म्हातारा सगळ्यांचा अजा, आजोबा.

"वसुलीला आलास?"

"नाही, भाउज. उच्छब अजांकडे सही मागायला आलोय."

"मग चुकलास. त्यांना सही येत नाही. पेन्शनला अंगठा उठवतात."

"त्यांची नको. पाणिग्राहीसाहेबांची पाहिजे."

तिने विळी बाजूला ठेवली. "मग जा आत. चपला काढ. आणि खोकू नकोस. साहेबांना खोकणारे चालत नाहीत."

ती थट्टा करत होती की नाही हे मला कळले नाही.

आत एक उंच पाठीची, हातांची खुर्ची. पाठीवर काळा गाउन. घरात सगळीकडे धूळ होती, गाउनवर नव्हती. म्हातारा खुर्चीच्या मागे उभा होता. मी माझे काम सांगितले. तो खुर्चीच्या कानाशी वाकला, असे लिहितो, कारण खुर्चीला कान असता तर तो तिथेच असता. "आज्ञा," म्हणाला, 'जी साहेब' म्हणावे तसे. "आज्ञा." मग सरळ होऊन मला, "तोंडी चालत नाही. अर्ज कर. दोन रुपयांचा स्टॅम्प लाव. बुधवार, साडेदहा."

मिश्रबाबू ऐकून खोकला येईपर्यंत हसले. "मेल्यावर सोळा वर्षांनी तारीख देतोय! गति, याला म्हणतात हायकोर्ट."

बुधवार, २३ सप्टेंबर

अर्ज तीनदा शुद्ध करून लिहिला. 'प्रार्थना' शब्द ठळक काढला. इस्त्रीचा सदरा घातला.

साडेदहाला म्हाताऱ्याने हाक दिली, पण माझ्या नावाची नाही. "बइधर मल्लिक विरुद्ध सरकार!" त्या लहान खोलीत एवढा आवाज, की बाहेर भाउजची विळी थांबली. मग तो वाकला आणि खुर्चीला अगदी हळू, आजाऱ्याला विचारावे तसे, विचारले, "साहेब, सहमत?"

आणि वाट पाहिली. मीही पाहिली. आपण कशाची वाट पाहतो आहोत हे माहीत नसताना वाट पाहणे फार वाईट. माझी मान हळूहळू खुर्चीकडे वळू लागली होती.

शेवटी तो म्हणाला, "पहिलं मॅटर संपलं नाही. तुझं दुसरं आहे. आता पूजेची सुट्टी लागेल. सुट्टीनंतर."

"अजा, दुसरं आधी नाही का घेता येणार?"

त्याला वाईट वाटलेले दिसले. "बोर्ड मी लावत नाही."

गुरुवार, २४ सप्टेंबर

आज एक चूक केली. कोर्टाकडे घाईत निघालो होतो. जमादार नुकताच पुढून गेला होता आणि मी न पाहता रस्ता ओलांडला, त्याच्या मागच्या मोकळ्या जागेतून. डांबरगोळ्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. कडक ऊन होते, पण कोपरापासून हात गार पडले. मी मोठ्याने "सॉरी सर" म्हणालो.

ठेलेवाला ओरडला, "काय केलंस हे! आंधळा आहेस?"

जमादार थांबला होता. मागे वळला नाही. थोड्या वेळाने पुन्हा चालू लागला.

उन्हातून एकदम सावलीत आल्यावर असे होते. तिथे सावली नव्हती, पण असे होते.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

मिश्रबाबू गळ्याच्या पांढऱ्या पट्ट्या सोडत होते. मी विचारले, "बइधर मल्लिक कोण?"

हात तसाच राहिला. "हे नाव तुला कोणी सांगितलं?"

"पाणिग्राहीसाहेबांच्या बोर्डावर पहिलं आहे."

हसतील असे वाटले होते. हसले नाहीत. पान लावायला बसले आणि सांगू लागले. बइधर केंद्रापाड्याकडचा नावाडी. महाजनाच्या खुनाचा आरोप. साक्षीदार एक, आणि त्यानेही नदीच्या पलीकडून कंदिलाच्या उजेडात पाहिलेले. खालच्या कोर्टात जन्मठेप झाली. अपिलात मिश्रबाबू त्याच्या वकिलांचे ज्युनिअर होते. दोन न्यायमूर्तींचे बेंच: एक पाणिग्राही, दुसऱ्यांचे नाव नको म्हणाले. सुनावणी संपली, निकाल राखून ठेवला, आणि पाणिग्राहीसाहेबांना झटका आला. घरीच पडून. दुसऱ्यांनी शिक्षा कायम करणारा निकाल लिहिला. ते शुक्रवारी निवृत्त होणार होते.

"गुरुवारपर्यंत पाणिग्राहींचा होकार आला नाही, तर बेंच मोडलं. सगळं पहिल्यापासून, नव्या न्यायमूर्तींपुढे. आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो. दुपारी घरून कागद आला. दुसऱ्या न्यायमूर्तीचा तो एकच शब्द, आधीच टाइप केलेला. 'सहमत.' खाली सही. संपलं." त्यांनी पान तोंडात घातले नाही, हातातच ठेवले. "बइधर चौथ्या पावसाळ्यात तुरुंगात हगवणीनं गेला. बायको आहे अजून. गावातच असते."

"तुम्हाला वाटलं होतं, ते सहमत होणार नाहीत?"

"वाटलं होतं? खात्री होती! सरकारी वकील बोलत होता तेव्हा साहेब डोळे मिटून बसले होते. पाणिग्राहींनी डोळे मिटले की समजायचं, पटलेलं नाही. सगळ्या बारला ठाऊक होतं." मग पान खाल्ले. "असो. तू सही आण."

गुरुवार, ८ ऑक्टोबर

पूजा झाली, कुमारपौर्णिमाही झाली. रसगुल्ले घेऊन कुंभारसाहीत गेलो. "साहेब सुट्टीत बसत नाहीत," भाउज म्हणाली, "पण रसगुल्ल्यांना सुट्टी नाही. आण इकडे."

तिने बरेच सांगितले. साहेबांचे उजवे अंग आणि वाचा एकदमच गेली. शेवटचे सहा महिने म्हाताऱ्यानेच त्यांचे सगळे केले. "दाढी, आंघोळ, घास भरवणं. साहेब मान हलवायचे आणि हे समजून घ्यायचे. माझं लग्न नवीन. मी नवऱ्याला म्हणायचे, तुमचे वडील हायकोर्टात आहेत की बाळंतिणीच्या खोलीत?"

कार्डावर घालता येईल: 'अखेरच्या काळात उजवा हात निकामी.' निकामी हा शब्द बरा नाही. बघतो.

म्हातारा उंबऱ्यावर माझ्याकडे तोंड करून बसला होता. तांब्यात बोट बुडवायचा आणि दगडावर एक आकृती काढायचा. ती वाळली की पुन्हा तीच. एक आकडी, दोन फुगवटे, आणि एक लांब शेपूट. दर वेळी अगदी तशीच. बायका मार्गशीर्षात दारात तांदळाच्या पिठाची झोटी काढतात, तशी काही नक्षी असावी.

"ते चालूच असतं," भाउज म्हणाली. "झोपेतसुद्धा बोट चालतं."

नक्षी सुबक होती म्हणून इथे मागच्या पानावर उतरवून घेतली आहे.

शनिवार, १० ऑक्टोबर

मेसमध्ये कार्डे लिहीत होतो. वही टेबलाच्या पलीकडे उघडी पडली होती, त्यामुळे मागचे पान मला उलटे दिसले.

ती नक्षी नाही. मी म्हाताऱ्याच्या समोर बसलो होतो, म्हणून ती उलटी पाहिली होती. सुलटी वाचली की इंग्रजी अक्षरे आहेत. डी. पाणिग्राही.

अंगठा उठवणाऱ्या माणसाला सही येते. स्वतःची नव्हे.

जे मनात आले ते आज लिहीत नाही. दुसरे लिहितो, कारण या वहीत खोटे लिहायचे नाही असे ठरवले आहे. मी ती सही कोऱ्या कागदावर काढून पाहिली. चार वेळा बिघडली. पाचवी जमली. चौदाव्या कप्प्याला एवढे पुरे आहे. पडताळायला जगात दुसरी सही नाही. कागद फाडून टाकला. पकडले जाण्याची भीती वाटली म्हणून नव्हे. पाचव्या वेळी हात मी चालवला नव्हता.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

सगळे जसे झाले तसे लिहितो.

साडेदहाला गेलो. खुर्चीशेजारी स्टुलावर आज दौत, टाक आणि माझा अर्ज ठेवला होता. म्हणजे माझे मॅटर निघण्याची शक्यता होती.

"बइधर मल्लिक विरुद्ध सरकार!" मग वाकून, "साहेब, सहमत?"

आणि मग म्हातारा खुर्चीच्या मागून पुढे आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"तू सगळं बरोबर लिहितोस म्हणे."

"प्रयत्न करतो, अजा."

"मग एक सांग. तो गुरुवार होता. बाहेर शिपाई सायकलीला टेकून उभा, सारखी घंटी वाजवत होता. मी कागद घेऊन आत गेलो. तेव्हा साहेबांच्या सह्या मीच काढायचो. पगाराची पावती, औषधाचं बिल. साहेब मान हलवायचे, मी काढायचो. चोरी नव्हती ती. त्या दिवशी विचारलं, साहेब, सहमत? मान नाही हलली. साहेबांनी डोळे मिटले. पुन्हा विचारलं. मिटलेलेच. बाहेर घंटी. डोळे मिटणं म्हणजे हो का रे, बाबा?"

"तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर होता."

"मागे होतो. जमादार खुर्चीच्या मागे उभा राहतो. मला साहेबांचं डोकं दिसायचं. तोंड तुम्हा समोरच्यांना दिसायचं."

"वकिलांना विचारायचं होतं."

"काय सांगून विचारू?"

उत्तर माझ्याजवळ होते. 'हो' म्हणालो असतो, तर पहिले मॅटर संपले असते, दुसरे निघाले असते, दौत तयारच होती. पाचशे पंचवीस, कायम. म्हाताऱ्यालाही बरे वाटले असते. तोंड उघडलेही होते. पण चुकीचा शब्द छापून जाताना मला बघवत नाही, म्हणून मी म्हणालो, "अजा, पाणिग्राहीसाहेबांनी डोळे मिटले म्हणजे त्यांना पटलेलं नसायचं. सगळ्या बारला ठाऊक होतं."

तो पडेल असे वाटले म्हणून मी हात पुढे केला. त्याने माझा हात धरला नाही, खुर्चीचा धरला. गाउनमध्ये तोंड खुपसून रडू लागला. मग लक्षात आले, की हे रडणे वेगळे आहे.

"साहेब नाही म्हणाले," तो म्हणाला. "सूनबाई! ऐकलंस? साहेब नाही म्हणाले होते! त्यांनी नाही पाठवलं त्याला. मी पाठवलं. मी!"

जत्रेत हरवलेले मूल सापडल्यावर बापाचे तोंड होते तसे त्याचे तोंड झाले होते. आपल्या हातून एवढे घडले हे कळल्यावर माणसाला आनंद कसा होतो, हे मला अजून समजलेले नाही.

मग त्याने पट्टा सरळ केला आणि मागे जाऊन उभा राहिला. वाकला. "आज्ञा." सरळ झाला. "बइधर मल्लिक. अपील मंजूर. आरोपीला सोडून द्या."

दारात भाउजने तोंडाला पदर लावला होता.

"गतिकृष्ण राउत." माझे पूर्ण नाव त्याने बरोबर उच्चारले. "अर्ज नामंजूर."

"अजा!"

"साहेबांचा हात गेला तेव्हाच साहेबांची सही गेली. आता ती कोणी काढायची नाही." त्याने दौतीला बूच लावले. मग जमादाराच्या नव्हे, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पण निकालाची नक्कल घरच्यांना पोचवावी लागते. तिला सोळा वर्षं कोणी सांगितलेलं नाही. तू लिही. तुझं बरोबर असतं. नेऊन दे तिला."

मी हो म्हणालो. येताना जाड कागद घेतला.

गुरुवार, २२ ऑक्टोबर. दिवाळी.

भाउजने बोलावले होते. तागाच्या काड्या मी नेल्या. दिवेलागणीला सगळी गल्ली दारात उभी राहून, पेटत्या काड्या वर धरून आपापल्या पितरांना हाका मारत होती: अंधारात या, उजेडात जा. धुराने डोळे चुरचुरत होते. आम्ही तिघे. भाउजने नवऱ्याला हाक मारली. म्हाताऱ्याने काडी धरली आणि एकच नाव घेतले. "बइधर हो! अंधारात आलास. आता उजेडात जा." शेजारच्यांनी वळून पाहिले, या घरात त्या नावाचे कोणी नव्हते.

"त्या दिवसापासून सकाळी निघत नाहीत," भाउज म्हणाली. "झोपतात. इतके झोपतात, की मी जाऊन श्वास बघते. आणि बोट बघ." बोट स्थिर होते.

या आठवड्यात मलाही झोप चांगली लागली. नक्कल उद्यापरवा लिहीन. निरोप शुद्ध आणि थोडक्यात हवा. ती बाई कोणाकडून तरी वाचून घेईल.

शनिवार, २४ ऑक्टोबर

मिश्रबाबूंना सांगितले, सही मिळणार नाही, अर्ज नामंजूर झाला. बाकीचे सांगितले नाही. तो म्हाताऱ्याचा अपराध आहे, सांगणे माझ्याकडे नाही.

"गाउन तरी आण."

"देणार नाहीत."

"मग चौदावा कप्पा रिकामा." त्यांनी सुस्कारा सोडला. रागावले असते तर बरे झाले असते.

नकलेत एक वाक्य घालायचे होते, म्हणून खात्री करून घ्यावी असे वाटले. कशाला वाटले? म्हटले, "बाबू, ते डोळ्यांचं नक्की ना?"

"कुठलं डोळ्यांचं?"

"पाणिग्राहीसाहेबांनी डोळे मिटले की पटलेलं नाही. तुम्ही म्हणाला होता, सगळ्या बारला ठाऊक होतं."

"हां, ते!" ते हसले. "अरे, ते आमचं कँटीनमधलं. बाहेर अशिलाची बायको रडत बसलेली असायची, तिला सांगायला बरं पडायचं. साहेबांनी डोळे मिटले, बाई, काळजी करू नको. जिंकलो तरी म्हणायचो, हरलो तरी म्हणायचो."

"मग डोळे का मिटायचे ते?"

"दुपारची वेळ, पोटात भात, वर पंखा बंद. माणूस दुसरं काय करणार?"

"पण तुम्ही म्हणालात, खात्री होती."

"वय काय होतं माझं, गति? त्या वयात सगळ्याची खात्री असते." मग माझ्याकडे नीट पाहिले. "काय झालं तुला?"

"काही नाही," म्हणालो.

रविवार, २५ ऑक्टोबर

साहेबांच्या मनात काय होते कोणालाच माहीत नाही. झोप आली असेल. थकले असतील. 'नाही' म्हणायचे असेल. 'हो' म्हणायचे असेल आणि मान वळत नसेल. मी एका माणसाला थट्टेच्या आधारावर निर्दोष सोडले आहे, आणि दुसऱ्याला दोषी ठरवले आहे.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

सांगायचे ठरवून कुंभारसाहीत चालत गेलो. म्हातारा उंबऱ्यावर पखाळ, पाण्यात भिजवलेला शिळा भात, खात होता. हात मनगटापर्यंत भातात. "सूनबाई, मिरची दे आणखी," म्हणत होता. भाउज म्हणाली, "कालपासून तिसऱ्यांदा वाढतेय. खादाड झालाय म्हातारा. तूही बस."

बसलो. खाल्ले.

"नक्कल पोचली?" त्याने विचारले.

"तारीख मिळाली आहे, अजा," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून कसे निघाले ते कळले नाही. त्याने समजून मान हलवली. कोर्टाचे काम त्याला माहीत आहे.

सांगितले नाही. त्याला पुन्हा त्या खुर्चीमागे उभे करायला माझी जीभ उचलली नाही. आता हा प्रश्न त्याच्याकडे नाही. कोणाकडे आहे ते मला ठाऊक आहे.

परत येताना गल्लीत मागे कोणी आहे असे वाटले. घाईत असेल म्हणून मी भिंतीला सरकून वाट दिली. कोणी पुढे गेले नाही.

सोमवार, ९ नोव्हेंबर

खोली ग्रंथालयाला दिली. भाषणे झाली. कवळीपुढे बरीच गर्दी होती, पण माणसे रेंगाळली ती चौदाव्या कप्प्यापुढे. त्यात मी फक्त कार्ड ठेवले आहे: नाव, वर्षे, आणि 'सही उपलब्ध नाही'. राखणदाराची जागा ग्रंथालयाच्या एका सभासदाच्या भाच्याला मिळाली. त्याने नोंदवहीच्या पहिल्याच पानावर 'जजमेंट'मध्ये ई घातली आहे. मी ती खोडली नाही.

मिश्रबाबूंनी पाठीवर हात ठेवला. "काम पुरं झालं असतं, तर मला बोलायला तोंड होतं, गति."

तिथे खूप जुने वकील आले होते. दोघांना मी बाजूला घेऊन विचारले, पाणिग्राहीसाहेब डोळे मिटायचे, त्याचा अर्थ काय? एकजण म्हणाले, अर्धशिशी होती त्यांना. दुसरे म्हणाले, तेव्हा ते खरे ऐकत असायचे, बाकीच्या वेळी नाही. तिसरे एक जुने वकील आजारी आहेत, आलेले नाहीत. त्यांचा पत्ता घेतला आहे.

वही मिश्रबाबूंना परत द्यायची, म्हणून लिहिलेली पाने काढून घेतो आणि हिशेब इथे बंद करतो.

आगाऊ मिळाले: २००.००

खर्च:
रिक्षा, कुंभारसाही, सहा खेपा: १८.००
रसगुल्ले: १२.००
अर्जाचा स्टॅम्प: २.००
कार्डांसाठी शाई व टाक: ६.५०
तागाच्या काड्या: १.५०
जाड कागद, दोन ताव: १.००
एकूण: ४१.००

देणे:
मिश्रबाबूंना परत: १५९.००
मेसची बाकी: ८५.००
बइधर मल्लिक याच्या पत्नीस: निकालाची नक्कल, एक. दोन्ही ताव अजून कोरे आहेत.